सिएनाचा पालिओ : गमावलेल्या राज्याची शर्यत

इटलीच्या टस्कनी प्रांतांत, टेकड्यांच्या माथ्यांवर वसलेलें सिएना नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथें दरवर्षीं दोन वेळां, २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशीं, घोड्यांची शर्यत होते. दहा घोडे शहराच्या मुख्य चौकास तीन फेऱ्या घालतात आणि सुमारें दीड मिनिटांत सारा खेळ आटोपतो. जिंकणारास मिळतें तें एक रंगविलेलें रेशमी निशाण. या निशाणासच 'पालिओ' म्हणतात. वस्त्र या अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून हें नांव आलें, आणि निशाणाचें नांव पुढें शर्यतीसहि पडलें.

एवढ्याशा धांवेसाठीं सारें शहर वर्षभर तयारी करतें. निकाल लागतांच भर चौकांत प्रौढ माणसें लहान मुलांसारखीं रडतात. एरवीं सलोख्यानें नांदणारे शेजारी चार दिवस एकमेकांशीं अबोला धरतात. नवरा एका पेठेचा व बायको वैरी पेठेची असली, तर त्या चार दिवसांपुरती ती माहेरीं जाऊन राहते, असेंहि घडतें. शर्यतींचा शौक जगांत पुष्कळ शहरांना आहे. मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर किंवा इंग्लंडांतील एप्समच्या माळावर जमणारी गर्दी घोड्याची पैदास, त्याचा वेग आणि त्यावर लावलेला पैसा यांचा हिशेब करीत असते. सिएनाचा नागरिक हिशेब करतो तो आपल्या पेठेच्या मानापमानाचा. असें कां, हें समजून घेण्यास प्रथम घोड्यांकडे नव्हे, तर त्या शहराच्या इतिहासाकडे पाहावें लागतें.

मध्ययुगांत सिएना हें स्वतंत्र प्रजासत्ताक होतें. तेथील सावकारांच्या पेढ्यांचा व्यवहार युरोपांत दूरवर चाले. शेजारचें फ्लॉरेन्स हें त्याचें हाडवैरी. ४ सप्टेंबर १२६० रोजीं मोंताप्यर्ती येथील रणांगणावर सिएनाच्या सैन्यानें फ्लॉरेन्सचा दारुण पराभव केला. लढाईपूर्वीं नागरिकांनीं शहराच्या किल्ल्या कुमारी मेरीच्या वेदीवर ठेवून शहर तिच्या स्वाधीन केलें, अशी परंपरा आहे. तेव्हांपासून मेरी ही सिएनाची अधिष्ठात्री होऊन बसली, आणि आजच्या दोन्ही शर्यती तिच्याच उत्सवांच्या निमित्तानें होतात. पुढें १२८७ पासून १३५५ पर्यंत नऊ जणांच्या एका मंडळानें शहराचा कारभार पाहिला. ज्या चौकांत शर्यत होते तो 'काम्पो' त्यांच्याच राजवटींत आकारास आला. शिंपल्यासारखा पसरलेला आणि एका अंगास उतरता असा हा चौक विटांनीं बांधलेला असून, पांढऱ्या दगडी पट्ट्यांनीं त्याचे नऊ भाग पाडले आहेत. तें त्या नऊ कारभाऱ्यांचें स्मारक होय. उताराच्या पायथ्याशीं नगरगृह व त्यास लागून एक उंच सडपातळ मनोरा उभा आहे.

हा मनोरा पुरा झाला त्याच १३४८ सालीं प्लेगची साथ आली आणि शहराच्या वस्तीचा फार मोठा भाग मृत्युमुखीं पडला. त्या घावांतून सिएना पूर्णपणें कधींच सांवरलें नाहीं. १५५५ च्या एप्रिल महिन्यांत, दीर्घ वेढ्यांत उपासमार सोसल्यावर, त्यानें सम्राट पांचव्या चार्लसच्या आणि फ्लॉरेन्सच्या फौजांपुढें शरणागति पत्करली. १५५७ मध्यें तें फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे सोंपविण्यांत आलें. तीनशें वर्षांचा वैरी धनी झाला. सैन्य गेलें, युद्ध आणि तह करण्याचा अधिकार गेला. उरल्या त्या केवळ पेठा.

या पेठांना सिएनाचे लोक 'कोंत्रादा' म्हणतात. १७२९ मध्यें शहराची राज्यपाल व्हिओलांते बेआत्रिचे हिनें त्यांच्या हद्दी कायमच्या ठरवून दिल्या. ही मूळची बव्हेरियाची राजकन्या, मेदिची घराण्यांत सून म्हणून आलेली व पुढें विधवा झालेली. तिनें आंखलेल्या १७ पेठा आजहि जशाच्या तशा आहेत. गरुड, सुरवंट, गोगलगाय, पिंगळा, ड्रॅगन, जिराफ, साळिंदर, एकशिंगी घोडा, लांडगी, शिंपला, हंस, लाट, चित्ता, अरण्य, कासव, मनोरा आणि मेंढा अशीं त्यांचीं नांवें आहेत. सुरवंट किंवा गोगलगाय हें नांव धारण करण्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. उलट त्या चिन्हांसाठीं माणसें हातघाईवर येतात.

प्रत्येक पेठेस आपलें प्रार्थनामंदिर, सभागृह, संग्रहालय आणि कारंजें आहे. तिचे रंग ठरलेले, तिचा रक्षणकर्ता संत ठरलेला. कारभारासाठीं निवडून दिलेला प्रमुख असतो आणि शर्यतीच्या मसलतीसाठीं वेगळा कप्तान. मूल जन्मास आलें म्हणजे चर्चमधील बाप्तिस्म्याखेरीज पेठेच्या कारंज्यावर त्याचा आणखी एक बाप्तिस्मा होतो आणि पेठेच्या रंगांचा रुमाल त्याच्या गळ्यांत पडतो. तो रुमाल जन्मभर सुटत नाहीं. आजाऱ्याची विचारपूस, गरजूस मदत, पोरांचे खेळ, लग्नाचा आनंद आणि मरणाचा शोक हें सर्व पेठ आपलें समजते. पेठांचीं आपसांत मैत्रीहि असते आणि वैरहि. हंस आणि मनोरा, कासव आणि गोगलगाय, शिंपला आणि मेंढा यांचें वैर पिढीजात आहे. थोडक्यांत, राज्य म्हणून जें जें सिएनाच्या हातून गेलें तें तें लहान प्रमाणावर या सतरा पेठांनीं जपून ठेवलें, आणि युद्धाच्या जागीं शर्यत आली.

ही शर्यत पूर्वींपासून आजच्या स्वरूपांत नव्हती. जुना पालिओ शहराच्या लांबच लांब रस्त्यांतून धांवत असे, आणि त्यांत बहुधा सरदार-उमरावांचे घोडे असत. १५८१ च्या अशा एका शर्यतींत ड्रॅगन पेठेच्या वतीनें व्हर्जीनिया नांवाची चौदा वर्षांची मुलगी घोड्यावर बसून धांवली, अशी नोंद आहे. पेठांचा स्वतःचा खेळ चौकांत चाले; तो म्हणजे बैलांची शिकार. धर्मसभेच्या निषेधामुळें १५९० च्या सुमारास तो बंद पडल्यावर पेठा म्हशींच्या व गाढवांच्या शर्यती लावूं लागल्या. अखेर चौकांत घोडे आले. शहरांत प्रोव्हेंत्सानो नांवाच्या भागांत मेरीची एक लहान मूर्ति होती. एका स्पॅनिश शिपायानें तिच्यावर बंदूक झाडली, तेव्हां बंदूक फुटून तोच मेला, अशी आख्यायिका आहे. त्या मूर्तीसाठीं मोठें चर्च उभें राहिलें आणि तिच्या उत्सवाप्रीत्यर्थ १६५६ पासून २ जुलैची शर्यत नियमित सुरू झाली. मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणास जोडून ऑगस्टची शर्यत १७०१ मध्यें प्रथम झाली. चौक अपुरा पडून अपघात होऊं लागल्यामुळें १७२१ पासून एका वेळीं दहाच पेठांनीं धांवावें असा नियम आला. मागील वर्षीं त्याच महिन्यांत ज्या सात पेठा धांवल्या नसतील त्यांस यंदा हक्कानें जागा मिळते. उरलेल्या तीन जागा सोडतीनें भरतात.

शर्यतीच्या आधीं कांहीं दिवस चौकाच्या कडेनें पिवळसर मातीचा जाड थर घालण्यांत येतो. पालिओची माती पडली कीं शहराचें मन दुसऱ्या कामांत लागत नाहीं. मुख्य उत्सव चार दिवसांचा. पहिल्या दिवशीं, म्हणजे २९ जूनला किंवा १३ ऑगस्टला, कप्तानांनीं निवडलेले दहा घोडे चिठ्ठ्या टाकून दहा पेठांस वांटले जातात. हा क्षण शर्यतीइतकाच जिवाभावाचा असतो. चांगला घोडा पदरीं पडला तर पेठ गाणें म्हणत, नाचत त्यास घरीं नेते; वाईट पडला तर मुकाट्यानें नेते. घोडा बदलून मिळत नाहीं. त्यास इजा झाली तर त्या पेठेनें शर्यत सोडावयाची. सर्वांत धनवान पेठेसहि पैशानें उत्तम घोडा घेतां येत नाहीं. जें युद्धांत दैवाच्या हातीं असतें तें येथेंहि दैवाच्याच हातीं ठेवलें आहे. त्या दिवसापासून पेठेचा मोतद्दार घोड्याच्या तबेल्यांतच झोंपतो.

स्वाराची गोष्ट निराळी. तो पेठेचा नसतो, भाडोत्री असतो. पुष्कळदां सार्डिनिया बेटावरून आलेला. विसाव्या शतकांत चौदा वेळां जिंकलेला आंद्रेआ देगोर्तेस हा तिकडचाच. शहर त्यास 'आचेतो', म्हणजे व्हिनेगर, या टोपणनांवानें ओळखे. अशा स्वारावर पेठ पैसा ओतते, पण विश्वास ठेवीत नाहीं. तो फितूर होऊं नये म्हणून त्याच्यावर पहारा असतो. कप्तान आणि त्याचे दोन-तीन विश्वासू माणूस रात्रीं गुप्त बोलणीं करतात. आपण जिंकलों तर अमुक रक्कम देऊं, तुमच्या स्वारानें आमच्या वैऱ्यास अडवावें, असे करारमदार ठरतात. इतरत्र ज्यास लबाडी म्हणतील त्यास येथें मुत्सद्देगिरी म्हणतात, आणि ती नियमबाह्य नाहीं. ज्या पेठेस घोडा वाईट मिळाला तिचें एकच काम उरतें, तें म्हणजे वैऱ्यास जिंकूं न देणें.

चार दिवसांत सहा चांचण्या होतात. आदल्या संध्याकाळची पांचवी चांचणी आटोपली म्हणजे प्रत्येक पेठ आपल्या रस्त्यांत लांबच लांब मेजें मांडते आणि शेंकडों माणसें आकाशाखालीं पंक्तीस बसतात. वाढण्याचें काम पेठेचीं तरुण मुलें-मुली करतात, म्हातारे जुन्या विजयांच्या कथा सांगतात, आणि मध्यरात्र उलटली तरी गाणीं थांबत नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्वारांसाठीं प्रार्थना होते. दुपारीं घोडा पेठेच्या प्रार्थनामंदिरांत आणतात. आंत अगदीं सामसूम असते, कारण जनावर बुजूं नये. पाद्री त्यास आशीर्वाद देतो आणि शेवटीं म्हणतो, "जा, आणि विजयी होऊन ये." मग एकच जयघोष उठतो. घोड्यानें मंदिरांत लीद टाकली तर तो शुभशकुन समजतात.

यानंतर मिरवणूक निघते. मनोऱ्यावरची मोठी घंटा सारखी वाजत असते. जुन्या प्रजासत्ताकाच्या काळचे पोषाख घातलेले नगारेवाले, निशाणवाले, चिलखती वीर एकेका पेठेच्या मागून चौकांत शिरतात. निशाणवाले तरुण निशाणें हवेंत उंच उडवून अचूक झेलतात. सर्वांच्या शेवटीं चार पांढऱ्या बैलांनीं ओढलेला रथ येतो आणि त्यावर तें रेशमी निशाण फडकत असतें. हा रथ म्हणजे मोंताप्यर्तीच्या युद्धरथाची आठवण. चौकाच्या मध्यभागीं उभे राहण्यास पैसे पडत नाहींत. तेथें हजारों माणसें उन्हांत तासन् तास दाटून उभीं असतात.

शर्यतीची सुरुवात हाच सर्वांत मोठा डाव. दोन दोरांच्या मध्यें नऊ घोडे सोडतीनें ठरलेल्या क्रमानें उभे करावयाचे आणि दहाव्यानें मागून धांवत यावयाचें. तो आंत शिरला कीं पंच दोर खालीं सोडतो. कोणाशेजारीं कोण येणार हें आयत्या वेळींच कळतें. दहावा स्वार आपल्या सोयीची वेळ येईपर्यंत निघत नाहीं, बाकीचे एकमेकांस ढकलतात, कानांत भाव ठरवितात. यांत कधींकधीं तासाहून अधिक वेळ जातो आणि संधिप्रकाश संपत येतो. मग एकदम दोर पडतो. स्वारांना खोगीर नसतें. हातांतला चिवट चाबूक घोड्याप्रमाणेंच शेजारच्या स्वारावरहि चालवितां येतो. सान मार्तीनोच्या उतरत्या वळणावर भिंतींना गाद्या लावलेल्या असतात. तरी कित्येक स्वार तेथें पडतात. परंतु स्वार पडला तरी घोडा बाद होत नाहीं. पाठीवर कोणी नसलेला घोडा पहिला आला तर पालिओ त्याच्याच पेठेचा. भाडोत्री माणसावांचून चालेल, पेठेच्या नांवानें धांवणाऱ्या घोड्यावांचून चालणार नाहीं, असाच जणूं या नियमाचा अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसास चमत्कारिक वाटते. येथें शेवटचा येणें ही फारशी नामुष्की नाहीं. खरी नामुष्की दुसरें येण्याची. आणि तिच्याहूनहि मोठें दुःख म्हणजे वैरी पेठ जिंकणें. विजेते लोक निशाण हिसकल्यासारखें उतरवून घेतात आणि तडक चर्चकडे धांवतात, जुलैंत प्रोव्हेंत्सानोच्या व ऑगस्टांत मुख्य धर्ममंदिराच्या. घामानें व धुळीनें माखलेला जमाव वेदीपुढें स्तोत्र म्हणतो. तोंडांत लहान मुलांच्या चोखण्या घालून मोठीं माणसें रस्त्यांतून हिंडतात. पेठ पुन्हां जन्मास आली, असा त्याचा अर्थ. जी पेठ सर्वांत अधिक काळ जिंकलेली नसते तिला 'आजी' म्हणून चिडवितात. लांडगी पेठ १९८९ च्या जुलैनंतर थेट २०१६ च्या जुलैंत जिंकली. मधल्या सत्तावीस वर्षांत तेथील एक अख्खी पिढी विजय न पाहतां वाढली होती. तिनें त्याच वर्षींचा ऑगस्टचा पालिओहि जिंकला, तेव्हां त्या गल्ल्यांत काय झालें असेल याची कल्पनाच करावी.

युद्धाच्या जागीं शर्यत आली खरी, पण खरें युद्ध आलें कीं शर्यत थांबते. पहिल्या महायुद्धांत १९१५ पासून आणि दुसऱ्यांत १९४० पासून ती बंद राहिली. ३ जुलै १९४४ रोजीं फ्रेंच सैन्यानें सिएना मुक्त केलें आणि पुढील वर्षीं शर्यत पुन्हां सुरू झाली. २० ऑगस्ट १९४५ रोजीं शांततेच्या आनंदाप्रीत्यर्थ एक जादा पालिओ झाला. तो ड्रॅगन पेठेनें जिंकला, परंतु हताश झालेल्या सुरवंट पेठेच्या लोकांनीं तें शांततेचें निशाणच फाडून टाकलें. ही गोष्ट ऐकून हंसूं येतें. पण पांच वर्षें बंदुकांचा आवाज ऐकलेल्या शहरास पुन्हां एका रेशमी वस्त्रासाठीं भांडतां आलें, यांतच शांतता आल्याची खूण होती. असे जादा पालिओ क्वचित् होतात. १९६० मध्यें मोंताप्यर्तीच्या सातशेंव्या वर्षासाठीं आणि १९६९ मध्यें माणूस चंद्रावर उतरला म्हणून तसे झाले. १९५७ च्या ऑगस्टांत रोझान्ना बोनेल्ली ही स्त्री गरुड पेठेकडून धांवली होती, तेव्हां १५८१ च्या त्या मुलीची आठवण लोकांस झाली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षीं साथीच्या रोगामुळें चौक रिकामा राहिला. २०२२ च्या जुलैंत पुन्हां माती पडली.

या उत्सवास एक काळी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाहीं. तीव्र वळणांवर घोडे पडतात. कांहीं जायबंदी होतात, कांहीं मरतात. प्राणिरक्षणवादी मंडळींनीं त्यावर अनेक वर्षें आक्षेप घेतला आहे, आणि तो निराधार नाहीं. त्याचा परिणाम म्हणून नाजूक हाडांच्या शुद्ध शर्यती जातीऐवजीं मिश्र जातीचे घोडे घेण्यांत येऊं लागले, त्यांची वैद्यकीय तपासणी कडक झाली, आणि निवृत्त घोड्यांच्या पालनाची सोय करण्यांत आली. धोका कमी झाला, नाहींसा झाला नाहीं. आपल्या स्वातंत्र्याची आठवण जपण्यासाठीं मुक्या जनावरानें किती किंमत द्यावी, हा प्रश्न सिएनास दर उन्हाळ्यांत नव्यानें विचारला जातो. आणि जें शहर त्या घोड्यास मंदिरांत नेऊन आशीर्वाद देतें, त्यालाच या प्रश्नाचें उत्तर देणें सर्वांत कठीण जातें.

दुसरें संकट अधिक सौम्य, पण तितकेंच खरें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ कुटुंबें तटाबाहेरच्या नव्या वसाहतींत राहावयास गेलीं. पेठेंत जन्मणें हीच पूर्वीं पेठेची खूण होती. आतां आईबापांच्या पेठेवरून मुलाची पेठ ठरते. उन्हाळ्यांत जगभरचे प्रवासी चौकांत लोटतात. उत्सवाचा बाजार होण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. तरीहि पालिओचा तमाशा झाला नाहीं, याचें कारण असें कीं तो पाहणारांसाठीं होतच नाहीं. जे धांवतात, भांडतात, वर्गणी देतात, रात्रीं मेजें मांडतात आणि सकाळीं उचलतात, त्यांच्यासाठीं तो होतो. परंपरा जुनी असल्यामुळें टिकत नाहीं. तिच्यासाठीं कोणी कांहीं सोसत असेल तरच टिकते.

शरद ऋतूच्या आरंभीं विजयी पेठ आपल्या रस्त्यांत विजयाची मेजवानी देते. हजारों पानें मांडलीं जातात, निशाण उंच लावलेलें असतें, आणि मानाच्या जागीं, सर्वांसमोर, जिंकलेला घोडा उभा करून त्याच्यापुढें त्याचा चारा ठेवतात. राज्य हरपलेल्या शहराचा तो एका रात्रीचा राजा. पंगत उठते, निशाण पेठेच्या संग्रहालयांत जुन्या निशाणांच्या रांगेंत जाऊन बसतें, आणि शेजारच्या वैरी पेठेंत त्याच रात्रीं कप्तान पुढच्या जुलैची बोलणीं सुरू करतो.